मऊ स्फटिकाचा उजेड

यंदाच्या अंकाचा विषय ‘टिकाव’ असा ठरल्याचे संपादकांचे पत्र आषाढात आले, तेव्हा किल्ल्यांच्या भिंतींतला चुना, सागवानी वाडे, चार पिढ्या चाललेल्या पेढ्या हे सारे अन्य लेखकांच्या वाट्याला जाणार हे उघड होते. माझ्या मनात मात्र गेली काही वर्षे एक अशी वस्तू घर करून बसली होती, की जिच्यात उजेडाचे जवळजवळ सर्व गुण एकवटले आहेत आणि टिकाव तेवढा नाही. ती वस्तू म्हणजे पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांपासून केलेला प्रकाशोत्सर्जक डायोड. घरच्या दिव्यांमुळे आणि टीव्हीमुळे आपल्या सर्वांच्या तोंडी रुळलेल्या एलईडीच्या कुळातला हा सर्वांत धाकटा वारस. त्याला जवळून पाहावे म्हणून श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, घाटावर पावसाने धरलेली धार सुटत नसताना, मी एका विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात जाऊन दोन दिवस बसलो.

पहिल्याच दुपारी खोलीत काळोख करण्यात आला. काचेचा एक लहानसा चौकोन धातूच्या चिमट्यात बसवलेला होता, त्याला दोन बारीक तारा जोडल्या होत्या, आणि सांगली जिल्ह्यातून आलेली, संशोधनाच्या चौथ्या वर्षात असलेली एक विद्यार्थिनी विद्युत्‌दाब एकेका पायरीने चढवीत होती. अडीच व्होल्टच्या थोडे पुढे जाताच काचेवरचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका हिरवा झाला. आणि ‘हिरवा’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो याची मला त्या क्षणी जाणीव झाली, कारण त्या रंगात पिवळ्याची झाक नव्हती, निळ्याचा अंश नव्हता, वर्णपटातून एक अरुंद पट्टी कापून काढून समोर ठेवावी तसा तो एकटा, निर्भेळ रंग होता. मी तो डोळे भरून पाहत असतानाच शेजारच्या पडद्यावरची दीप्तीची रेघ खाली झुकू लागली.

“सर, हा बरा म्हणायचा,” ती म्हणाली. “कालचा चार मिनिटांत गेला.”

या प्रयोगशाळेत डिव्हाइस ‘बिघडला’ असे कोणी म्हणत नाही; ‘गेला’ असे म्हणतात. पंचविसाव्या मिनिटाला त्या ठिपक्याची दीप्ती निम्म्यावर आली आणि तिने वहीत वेळ मांडून ठेवली.

उरलचा दगड

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या या कॅल्शियम टायटेनेटची तपासणी करून बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी त्याला रशियातील एक उमराव व खनिजसंग्राहक लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव दिले. पुढे ते नाव दगडापुरते राहिले नाही, त्याच्या घडणीला चिकटले. आणि ज्यात कॅल्शियमही नाही आणि टायटेनियमही नाही असे पदार्थसुद्धा, घडण तीच म्हणून, पेरोव्स्काइट म्हणून ओळखले जाऊ लागले.

आपल्या दिव्यातली घडण अशी: मधोमध शिशाचा एक अणू आणि त्याच्या सहा दिशांना सहा हॅलोजन अणू, मिळून आठ पैलूंचा एक गड्डा. असे असंख्य गड्डे केवळ टोकाला टोक लावून रचले, म्हणजे त्यांच्या मधे ज्या पोकळ्या उरतात त्यांत सीझियमचा किंवा एखाद्या लहान सेंद्रिय रेणूचा धनभारित आयन जाऊन बसतो. रंगाची किल्ली हॅलोजनकडे असते. आयोडीन असेल तर तांबडा किंवा दृष्टीपलीकडचा अवरक्त, ब्रोमीन असेल तर मी पाहिला तो हिरवा, आणि ब्रोमीनमध्ये क्लोरीन मिसळत गेले की निळा.

सीझियम आणि शिसे असलेल्या या स्फटिकांची घडण कोपनहेगनच्या क्रिस्टियान म्योलर यांनी १९५८ सालीच उलगडली होती, आणि त्यात सेंद्रिय आयन बसविण्याचे काम १९७८ साली स्टुटगार्टच्या डीटर वेबर यांनी केले होते. पण २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांनी त्यांचा सौरघटात उपयोग करून दाखवीपर्यंत जगाचे त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. सूर्यप्रकाशाचे उत्तम रीतीने विजेत रूपांतर करणारा पदार्थ विजेचे प्रकाशातही उत्तम रूपांतर करू शकला पाहिजे, हा विचार त्यानंतर ओघानेच आला. २०१४ मध्ये केंब्रिजमधील रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने सामान्य तापमानाला स्वच्छ उजेड देणारे पहिले पेरोव्स्काइट डायोड प्रसिद्ध केले. त्यांत शंभर इलेक्ट्रॉन आत शिरले असता अवरक्त डायोडातून एकही पुरता फोटॉन बाहेर पडत नव्हता, प्रमाण ०.७६ टक्के; आणि हिरव्यातून तर ०.१ टक्काच.

त्याच वर्षी निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट मला येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. त्यांचा पदार्थ गॅलियम नायट्राइड. तो सुमारे हजार अंश तापमानाच्या भट्टीत, महागड्या यंत्रांत, एकेक अणुथर चढवीत वाढवावा लागतो, आणि असा वाढविलेला स्फटिक वर्षानुवर्षे जळत राहिला तरी ढळत नाही. पेरोव्स्काइटचे क्षार मात्र द्रावकात विरघळवून शाईसारखे काचेवर पसरले आणि पाणी उकळण्याइतकीही ऊब दिली नाही, तरी स्फटिक आपोआप उभा राहतो. या दोन वाक्यांत पुढची सारी कथा बीजरूपाने आहे. जो स्फटिक इतक्या अल्प आर्जवाने घडतो त्याला मोडायलाही फारसे कष्ट पडत नाहीत.

ओलाव्याविरुद्ध बंदोबस्त

बाहेर भिंतींना पाणी सुटले होते आणि व्हरांड्यातला आर्द्रतामापक नव्वदीच्या आसपास रेंगाळत होता. हे स्फटिक म्हणजे शेवटी मिठासारखेच क्षार. पाण्याचा रेणू त्यांच्या जाळीत शिरला की ती सुटत जाते, आणि शिल्लक राहते ती शिशाच्या क्षारांची निर्जीव पूड. म्हणून सारे काम ग्लोव्हबॉक्समध्ये चालते. ही समोर काच असलेली पोलादी पेटी. काचेतून काळ्या रबराचे हातमोजे आत गेलेले, आत निव्वळ नायट्रोजन, आणि पाण्याचे व ऑक्सिजनचे प्रमाण दशलक्षात एका भागाहूनही कमी. पेटीच्या माथ्यावरचे दोन आकडे येता-जाता प्रत्येक जण वाचतो.

नायट्रोजनची नळकांडी बदलण्याचे, त्यांचा साठा आणि हिशेब ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळा विभाग मामा म्हणतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. “पावसाळ्यात सिलिंडर लवकर संपतात का?” असे मी विचारले तेव्हा त्यांनी मान हलविली आणि मला पेटीच्या बाजूच्या लहान कोठडीकडे नेले. बाहेरची वस्तू आत न्यायची ती या कोठडीतून. तिच्यातली हवा उपसून काढायची, नायट्रोजन भरायचा, पुन्हा उपसायचा, असे तीनदा. “उन्हाळ्यात तीनदा केलं की भागतं, साहेब. आता मी पोरांना पाचदा करायला लावतो. काचेला चिकटलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण आकडा लगेच चढतो.” हा नियम कोणत्याही शोधनिबंधात छापलेला नाही, आणि त्याच्यावाचून या प्रदेशात, या ऋतूत, एकही डिव्हाइस धड होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक डिव्हाइस आरंभापासून घडताना पाहिला. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर असतो. ती काच आधी साबणाच्या पाण्यात, मग शुद्ध पाण्यात, मग ऍसिटोनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये, प्रत्येक वेळी ध्वनिकंपनांच्या कुंडात ठेवून धुतली गेली. इतके धुणे कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण पुढे चढणारे थर प्रत्येकी काही दशक नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतात, आणि धुळीचा एक कण म्हणजे त्यांच्या दृष्टीने डोंगर. मग धनभार वाहणारा एक थर. आणि मग पेटीच्या आत, गरगर फिरणाऱ्या चकतीवर, पेरोव्स्काइटच्या द्रावणाचे थेंब.

येथे विद्यार्थिनीने बोलणे थांबविले. चकती मिनिटाला काही हजार फेरे घेत होती, द्रावण पातळ होत पसरत होते, आणि ती ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होती. ठरल्या सेकंदाला तिने दुसऱ्या एका द्रवाचा थेंब वरून सोडला. या द्रवात क्षार विरघळत नाहीत. तो पडताच द्रावक खेचला जातो आणि असंख्य ठिकाणी एकाच वेळी स्फटिकबीजे धरतात. थेंब लवकर पडला तर बीजेच धरत नाहीत. उशीर झाला तर स्फटिक मोठाले होऊन त्यांच्यामधे भगदाडे राहतात, आणि त्या भगदाडांतून वीज उजेड न देता आरपार निघून जाते. हे एका क्षणाचे काम तिला हातात बसवायला आठ महिने लागले, असे तिने सांगितले. हॉटप्लेटवर ठेवताच काचेवर फिकट पिवळी छटा आली, आणि अतिनील दिव्याखाली ती साय हिरवी झगमगली. त्यावर निर्वात यंत्रात इलेक्ट्रॉन वाहणारा थर आणि शेवटी ॲल्युमिनियम चढले. संध्याकाळचे सहा वाजले होते.

शंभरातले किती

एका बाजूने इलेक्ट्रॉन यावेत, दुसऱ्या बाजूने त्यांच्या अभावाच्या जागा, ज्यांना होल म्हणतात, त्या याव्यात, मधल्या थरात दोघांची गाठ पडावी आणि त्या मीलनातून प्रकाशाचा एक कण जन्मावा, हे एलईडीचे सारे कार्य. पण प्रत्येक मीलनातून प्रकाश जन्मत नाही, आणि जन्मलेला प्रत्येक कण बाहेर पडत नाही. कार्यक्षमतेची चर्चा या दोन गळत्यांभोवती फिरते.

पहिली गळती स्फटिकातल्या दोषांची. हॅलोजनचा एखादा अणू जागेवरून निसटला की तिथे खड्डा उरतो, शेजारचा शिशाचा अणू उघडा पडतो, आणि इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यात अडकून आपली ऊर्जा उष्णतेत दवडतो. कोरियातील ते-वू ली यांच्या गटाला सुरुवातीलाच आढळले की थर तयार होताना धातुरूप शिसे मोकळे राहते आणि उजेड गिळून टाकते. द्रावणात ब्रोमाइडचा क्षार थोडा अधिक घालून त्यांनी ते शिसे बांधून टाकले, स्फटिक बारीक ठेवले, आणि २०१५ मध्ये हिरव्या डायोडाची कार्यक्षमता ८.५३ टक्क्यांवर नेली. एका वर्षात एवढी उडी! उघड्या शिशाला एखादा रेणू चिकटवून त्याचा उपद्रव थांबविण्याच्या या विद्येला प्रयोगशाळेत पॅसिव्हेशन म्हणतात, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम याच विद्येत झाले आहे.

त्याच वर्षी पुण्याच्या आयसरमध्ये अंग्शुमान नाग यांच्या गटाने सीझियम लेड ब्रोमाइडच्या अवघ्या ११ नॅनोमीटरच्या कणांचा उजेड तपासला. शोषलेल्या प्रकाशातला ९० टक्के ते परत देत होते. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी, की एका कणाचा रंग आणि कणांच्या अख्ख्या समुदायाचा रंग जवळजवळ सारखाच अरुंद होता. जुन्या क्वांटम डॉटांत कण लहानमोठे झाले की रंग पसरतो. येथे तो दोषच नव्हता. मी पाहिलेल्या त्या निर्भेळ हिरव्याचे मर्म यात आहे.

दुसरी गळती बाहेर पडण्याच्या वाटेवरची. विहिरीच्या तळातून पाण्याबाहेर पाहणाऱ्याला एका ठरावीक कोनापलीकडे आकाश दिसत नाही, तसे दाट पदार्थात जन्मलेले बहुतेक किरण पृष्ठभागावरून माघारी फिरतात आणि आतल्या आत विरून जातात. सपाट थरातून साधारण पाचवा हिस्साच सुटतो. नानजिंगच्या वांग जिआनपू यांच्या गटाने अमिनो आम्लाची जोड देऊन असे थर घडविले, की ज्यांत स्फटिकाचे सुटे, विखुरलेले पट्ट आपोआप उगवतात आणि अडकलेल्या किरणांना वाट फोडून देतात. २०१८ च्या ऑक्टोबरात एकाच नियतकालिकात दोन चिनी गटांनी वीस टक्क्यांची सीमा ओलांडल्याचे जाहीर केले: नानजिंगचा अवरक्त २०.७, आणि ह्वाछिआव विद्यापीठाचा हिरवा २०.३. सेंद्रिय एलईडीला जो पल्ला गाठायला दशके लागली तो येथे चार वर्षांत सर झाला.

बंद दाराआड

मग दिवा जातो कशाने? ओलाव्याने, असे मीही समजत होतो. म्हणून त्या सायंकाळी काचेवर दुसरी काच चिकटवून, कडा गोंदाने पक्क्या लिंपून, ओलाव्याला कोठेही शिरकाव राहणार नाही अशा रीतीने तयार केलेल्या डिव्हाइसची रेघही जेव्हा माझ्या डोळ्यांदेखत उतरू लागली, तेव्हा मी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांनी फळ्यावर एक साधा भागाकार केला. थर १०० नॅनोमीटर, दाब ३ व्होल्ट. म्हणजे दर मीटरला ३ कोटी व्होल्ट इतके विद्युत्‌क्षेत्र. आकाशात वीज पडण्यासाठी कोरडी हवा जिथे फाटते त्याच्या दहापट. “घराला बाहेरून कुलूप लावलं,” ते म्हणाले, “पण भांडण घरातच आहे.”

भांडण असे. गॅलियम नायट्राइडमध्ये अणू आपापल्या जागी घट्ट बांधलेले असतात आणि हालतात ते केवळ इलेक्ट्रॉन. पेरोव्स्काइटची जाळी मऊ. तिच्यात एखादी जागा रिकामी असली की शेजारचा हॅलोजन आयन त्या जागेत उडी घेतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा सरकतो. वीज लावली की ऋणभारित आयनांची ही सरकासरकी धनाग्राच्या दिशेने वाहू लागते. मागे खड्डे साचतात. त्या खड्ड्यांत इलेक्ट्रॉन अडकतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा उष्णता होते. उष्णतेने आयन अधिक जोमाने सरकतात. सरकणारे काही आयन थर ओलांडून पलीकडच्या धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात आणि त्याला गंजवितात. मागच्या प्रकरणात कार्यक्षमतेची गळती म्हणून जो रिकाम्या जागेचा दोष आला, तोच येथे मृत्यूचे कारण होऊन समोर उभा राहतो. म्हणूनच, कार्यक्षमता आणि स्थैर्य हे दोन स्वतंत्र प्रश्न मानून एक आधी, दुसरा मागाहून सोडवू, अशी जी भाषा काही काळ चालली ती मला चुकीची वाटते. मूळ एकच आहे.

निळ्याचे दुःख याहून वेगळे. निळ्यासाठी ब्रोमीन आणि क्लोरीन मिसळावे लागतात, आणि मिसळलेले हॅलोजन फार काळ मिसळून राहत नाहीत. एरिक होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली ब्रोमीन-आयोडीनच्या मिश्र स्फटिकात हे प्रथम स्पष्टपणे दाखविले: प्रकाश पडला की दोन हॅलोजन फुटून वेगवेगळे समूह करतात, अंधारात ठेवले की पुन्हा मिसळतात. विजेखालीही तसेच घडते. त्यामुळे निळा डायोड विझण्याच्या आधी रंग बदलतो. हिरवटपणाकडे घसरत जातो. ज्या पडद्यावर तिन्ही रंग लागतात तिथे सर्वांत दुबळ्या रंगाचे आयुष्य हेच पडद्याचे आयुष्य.

तासांचा जमाखर्च

दीप्ती निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ज्याला सर्व जण टी-फिफ्टी म्हणतात, हे येथले चलन. पण हे चलन तपासून घ्यावे लागते. मंद जाळलेला दिवा अधिक टिकतो. तेव्हा आरंभीची दीप्ती न सांगता नुसते तास सांगणे म्हणजे क्षेत्रफळ न सांगता जमिनीचा भाव सांगणे. २०२२ मध्ये ली यांच्या गटाने बेंझिलफॉस्फोनिक आम्लाच्या द्रावणात थर भिजवून, मोठे स्फटिक फोडून त्यांचे बारीक कण केले आणि प्रत्येक कणाभोवती त्या आम्लाच्या रेणूंचे कवच चढविले. हे रेणू उघड्या शिशाला घट्ट धरतात आणि आयनांच्या वाटा बंद करतात. कार्यक्षमता २८.९ टक्के झाली, महत्तम दीप्ती चौरस मीटरला ४,७३,९९० कॅन्डेला, आणि १,००० कॅन्डेलांवर टी-फिफ्टी ५२० तास. रोज आठ तास पाहिले तर पासष्ट दिवस. १०० कॅन्डेलांवर तो ३०,००० तासांहून अधिक भरेल असा त्यांचा अंदाज. तो प्रखर उजेडातल्या मोजणीवरून गणिताने पुढे ताणलेला आहे, आणि निबंधात तसे स्पष्ट म्हटलेही आहे. त्याच वर्षी चीनच्या चच्यांग विद्यापीठातील दी दावेइ यांच्या गटाने, ज्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन्ही टोके आहेत असा एक स्थिरक वापरून, अवरक्त डायोड अल्प विद्युत्‌प्रवाहावर ३,६०० तास न ढळता चालवून दाखविला. पाच महिने! गणिताने ताणलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा घड्याळाशेजारी बसून मोजलेला हा लहान आकडा मला अधिक मोलाचा वाटतो.

शिशाचा प्रश्न उरतोच. युरोपच्या नियमांनुसार विद्युत् उपकरणाच्या एकजिनसी भागात शिसे ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये, आणि येथे तर शिसे हाच स्फटिकाचा कणा. त्याच्या जागी कथिल घातले तर ते ऑक्सिजनच्या अल्पशा संगतीने बदलते आणि दोषांची संख्या वाढते. तूर्त अनेकांनी वेगळी वाट धरली आहे: या स्फटिकांत वीज सोडायचीच नाही, ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पडद्यात पुरून ठेवायचे, मागून नेहमीचा निळा एलईडी लावायचा, आणि निळ्या उजेडाचा हिरवा-तांबडा करून घ्यायचा. विद्युत्‌क्षेत्र नाही, म्हणून आयनांना खेचणारेही कोणी नाही. ही वाट व्यवहाराची आहे आणि तिची उपेक्षा करू नये; पण शाईने छापलेला, स्वतःच्या बळावर उजळणारा दिवा ज्यांना हवा आहे त्यांचे समाधान तीत नाही.

निघण्यापूर्वी विद्यार्थिनीने मला एक खण उघडून दाखविला. आत प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत गेलेले डिव्हाइस ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर तारीख, द्रावणातील प्रमाण, थेंब सोडल्याचा सेकंद, पेटीतले पाण्याचे आणि ऑक्सिजनचे आकडे, आणि शेवटी किती मिनिटे किंवा किती तास. चार वर्षांचे दफ्तर. टाकून का देत नाही, असे मी विचारले.

“टाकून कसं चालेल, सर? कुठला आयन कुठे जाऊन बसलाय, ते यांनाच कापून बघायचं असतं.”

काल दुपारचा, पंचवीस मिनिटांचा हिरवा चौकोन तिने डबीत घातला, वर चिठ्ठी चिकटविली आणि खण लावून घेतला. मामा नवे नळकांडे जोडून गेले होते. पेटीवरचे आकडे खाली आले होते. उद्याच्या काचा रात्रीच ऍसिटोनमध्ये बुडवून ठेवायच्या होत्या, म्हणून ती उठली.